नोंदीबाहेरची अकरा मिनिटं

समितीच्या खोलीत कुणी कुठे बसायचं हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं, पण नव्या आमदाराला ते पहिल्याच दिवशी न सांगता कळायचं. लांबलचक टेबल. एका टोकाला अध्यक्ष. त्यांच्या दोन्ही हातांना सगळ्यांत जुने सदस्य, मग त्यांच्याहून थोडे नवे, आणि असं उतरत उतरत दुसऱ्या टोकाला, दाराशी, पहिल्यांदा निवडून आलेला. ते दार नीट मिटत नसे. त्या खुर्चीवरचा माणूस थंडीभर शिंकत असायचा. शिंका थांबल्या की समजायचं, स्वारी दुसऱ्यांदा निवडून आली, असं शिपाई आपसात म्हणायचे.

बाई भिंतीलगतच्या लहान टेबलाशी बसत. त्या प्रतिवेदक होत्या. बैठकीत जो जे बोलेल ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं आणि मग शब्दन् शब्द टाइप करून द्यायचा, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं त्या हेच करत होत्या. हजेरीपुस्तक सोडलं तर त्यांचं नाव तिथे फारसं कुणी उच्चारलं नसेल. थोरामोठ्यांपासून शिपायांपर्यंत सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत.

आमदारांनी आपापल्या मतदारसंघांसाठी मागितलेली कामं या समितीपुढे येत. रस्ते, पूल, दवाखाने, शाळेच्या खोल्या. त्यातलं काय होणार आणि काय राहणार ते इथे ठरायचं. बोलताना सगळे लोकांच्या गरजेबद्दल बोलायचे. एका रिकाम्या दुपारी बाईंनी मंजूर कामांची यादी समोर घेतली आणि प्रत्येक कामापुढे, तो आमदार कितव्यांदा निवडून आलाय, तो आकडा पेन्सिलीने लिहून बघितला. नऊ वेळा निवडून आलेल्या अध्यक्षांची एकोणीस कामं. सात वेळावाल्याची चौदा. चार वेळावाल्यांची सहा-सहा, पाच-पाच. पहिल्यांदा आलेल्यांचं एखादं, तेही असलं तर. पुराचं पाणीसुद्धा इतकं सरळ उतारावरून वाहत नाही.

त्यांनी ती यादी घरी नवऱ्याला दाखवली. तो सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होता, नुकताच निवृत्त झालेला. चष्मा कपाळावर चढवून त्याने कागद डोळ्यांजवळ नेला.

“यात एकच चूक आहे,” तो म्हणाला. “हा कागद तुझ्याकडे असणं.”

बाईंनी कागद फाडून टाकला. दोघं हसलीही.

अध्यक्षांना सगळे ‘थोरले’ म्हणायचे. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस, आवाज कधी न चढवणारा. बाईंची आई आजारी होती तेव्हा रोज न विसरता विचारपूस करायचे. त्यांची एक सवय होती. टेबलावर पालथ्या ठेवलेल्या हाताचं एक बोट ते जरासं उचलत. म्हणजे, हे नोंदीत नको. मग बाई पेन खाली ठेवत आणि काचेपलीकडे बसलेला तंत्रज्ञ ध्वनिमुद्रणाचं बटण बंद करी. खरा व्यवहार तेव्हाच व्हायचा. माझ्या रस्त्याला तुझ्या गटाची मतं, तुझ्या नाट्यगृहाला माझ्या गटाची. बोट टेबलाला टेकलं की पेन पुन्हा वर. पेन खाली ठेवलं की कानही खाली ठेवता येतात, अशी बाईंची इतकी वर्षं समजूत होती.

त्या वर्षी दाराशेजारच्या खुर्चीवर एक नवी आमदार आली. आधी ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिथल्या लोकांनीच आग्रह करून उभं केलं आणि पहिल्या फटक्यात निवडून आणलं. आमदार झाली तरी तिला सगळे ‘सिस्टर’च म्हणत. तिचं काम एकच होतं, मागणी क्रमांक चौदा : टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीमागे संरक्षक भिंत. तिने भूगर्भवाल्यांचा अहवाल आणला होता, टेकडीला पडलेल्या भेगेचे फोटो आणले होते. एका फोटोत मापासाठी तिने भेगेत स्वतःचा हात घातला होता. तो कोपरापर्यंत आत गेला होता.

अधिवेशन संपायला दोन दिवस उरले तेव्हा सात वेळा निवडून आलेल्या सदस्याने, ज्याला पाठीमागे सगळे ‘सातवेळा’च म्हणत, आपल्या गावासाठी पोहण्याचा तलाव मागितला. एकूण रक्कम ठरलेली होती. काही आत यायचं तर काही बाहेर जायला हवं. आणि थोरल्यांनी स्वतःच्या गावासाठी मागितलेल्या वळणरस्त्याला सभागृहात सातवेळाच्या गटाची मतं हवी होती.

थोरल्यांनी बोट उचललं. बाईंनी पेन ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून सात मिनिटं झाली होती. बोट खाली टेकलं तेव्हा चार अठरा. थोरल्यांनी मग नेहमीच्या आवाजात सांगितलं, आणि बाईंनी लिहून घेतलं : ‘मागणी क्रमांक चौदा सदस्यांच्या संमतीने मागे घेण्यात आली.’

पाऊसकाळ नीट पार पडला. वस्तीतल्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. पाऊस थांबून आठवडा झाल्यावर, लख्ख उन्हाच्या एका सकाळी, साडेदहाच्या सुमाराला ती टेकडी खाली आली. तेवीस माणसं गेली. बाया अंगणात कपडे वाळत घालत होत्या.

सभागृहाने दोन मिनिटं उभं राहून शोक व्यक्त केला. तिसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने समितीची छापील कार्यवाही उकरून काढली. भिंत मागणारी सदस्यच समितीत हजर होती आणि भिंत ‘सदस्यांच्या संमतीने’ मागे घेतली गेली. मोठ्या टाइपात तेवढंच वाक्य छापलं होतं. त्या संध्याकाळी सिस्टरच्या घरावर दगड पडले. टाकणाऱ्यांत तिने ज्यांची बाळंतपणं केली होती त्या घरांतली माणसं होती.

तिला यावर काही बोलता येत नव्हतं. समितीत नोंदीबाहेर झालेलं बाहेर सांगणं हा सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग, आणि सांगितलं तरी पुरावा कुठला?

चार दिवसांनी ती बाईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. जेवणाची सुट्टी होती, खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

“बाई, तुम्ही होतात ना तिथे?”

“कुठे?”

“त्या दिवशी. चौदा नंबर निघाला तेव्हा. मी नाही म्हटलं होतं ना?”

बाईंनी टंकयंत्रातला कागद सरळ केला. तो सरळच होता.

“मला माहितीये, तुम्हाला सांगता येत नाही,” सिस्टर म्हणाली. “मी कुणाला सांगणारही नाही. मला फक्त माझ्यापुरतं हवंय. इतके जण संमती संमती म्हणतायत की मला आता स्वतःचंच आठवेनासं झालंय. मी म्हटलं होतं की नुसतं मनात म्हटलं होतं?”

सव्वीस वर्षांची सवय बाईंच्या तोंडून बोलली. “नोंदीत जे आहे त्यापलीकडे मला काही सांगता येत नाही, मॅडम.”

सिस्टरने मान हलवली, जशी दवाखान्यात नातेवाइकांपुढे हलवत असेल. दुसऱ्या दिवशी तिने आमदारकीचा राजीनामा दिला आणि गाव सोडून गेली. कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं.

पुढच्याच बैठकीत बाईंना पहिल्यांदा ते ऐकू आलं.

साधीच बाब होती. थोरल्यांनी नेहमीप्रमाणे प्रस्ताव मताला टाकला. “अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.” सगळे होय म्हणाले. “प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे.” कुणी काही म्हणायचं नव्हतं. आणि दाराकडून आवाज आला, “नाही.”

बाईंनी तो लिहूनही टाकला. मग मान वर केली. दाराशेजारची खुर्ची रिकामी होती. पोटनिवडणूक व्हायची होती. टेबलाशी कुणी मान वळवली नव्हती, कुणी दचकलं नव्हतं. बाईंनी लिहिलेलं खोडलं. सव्वीस वर्षांत लघुलिपीच्या वहीत त्यांनी पहिल्यांदा काही खोडलं होतं.

त्यानंतर प्रत्येक मताला तो यायचा. ओरडून नाही. दवाखान्यात झोपलेल्या माणसांच्या मधून चालताना बोलतात तसा, दबका. बाईंना आवाज ओळखायची गरजच नव्हती. माणसं चेहऱ्यांवरून ओळखतात, प्रतिवेदक गळ्यावरून. ती सिस्टर होती. सिस्टर जिवंत होती, कुठल्या तरी गावात चालत-फिरत, जेवत-खात होती, आणि तिचा आवाज इथे मागे राहिला होता, एखाद्याची छत्री राहावी तसा.

“कान दाखवून घे,” नवरा म्हणाला.

बाईंनी दाखवून घेतले. कानांच्या डॉक्टरने काचेच्या पेटीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले आणि शेवटी म्हणाला, “तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.”

मग बाई तंत्रज्ञाकडे गेल्या. त्याला म्हणाल्या, चौदा नंबर निघाला त्या दिवशीचं ध्वनिमुद्रण एकदा ऐकायचंय, एक शब्द पडताळायचाय. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन आत आलेलं, खाली गाड्या लावणाऱ्यांची भांडणं चाललेली. तंत्रज्ञाने फीत लावली आणि बाईंच्या कानांवर यंत्राच्या वाट्या चढवल्या. चार वाजून सात मिनिटांपर्यंत सगळं जसं हवं तसं होतं. मग बटण बंद झाल्याचा खटका. त्याच्या पाठोपाठ लगेच चालू झाल्याचा खटका यायला हवा होता, कारण मधल्या वेळात फीत थांबलेली होती.

तो आला नाही. बाईंना खोली ऐकू येऊ लागली. कुणीतरी ग्लासात पाणी ओतलं. खुर्ची सरकली. कागदांची चळत टेबलावर आपटून सारखी केली गेली, ती सातवेळाची सवय. आणि मग बोलणं, सगळंच्या सगळं, प्रत्येकाच्या गळ्यात, प्रत्येकाच्या श्वासासकट.

बाईंनी वाट्या काढून तंत्रज्ञाच्या कानाला लावल्या. “काय ऐकू येतं?”

त्याने डोळे बारीक केले. “काही नाही. खरखर. दोन खटके.” मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून, “बाई, पाणी आणू का?”

त्यांनी पाणी घेतलं नाही. आपल्या टेबलाशी आल्या, नवी वही उघडली आणि लिहायला बसल्या. फीत आता लागत नव्हती. सगळं तसंच आत होतं. कान कधीच खाली ठेवले गेले नव्हते. अकरा मिनिटांची बारा पानं झाली.

घरी आल्यावर त्यांनी ती पानं नवऱ्यापुढे ठेवली. त्याने चष्मा पुसून सावकाश वाचली. एरवी एखादा काना-मात्रा तरी तो काढायचाच. या वेळी काढला नाही. शेवटच्या पानावर मात्र बोट ठेवून थांबला.

तिथे असं होतं :

सिस्टर : नाही. माझी संमती नाही. अहवालात स्पष्ट लिहिलंय.

अध्यक्ष : पुढच्या वर्षी सगळ्यांत आधी तुमचं काम घेऊ. पहिल्या वर्षी सगळेच थांबतात. मीही थांबलोय.

सिस्टर : टेकडी थांबेल का?

(दोन-तीन सदस्य हसतात.)

अध्यक्ष : मग संमती धरायची ना?

(उत्तर नाही.)

“ही शेवटची ओळ काढ,” नवरा म्हणाला.

“का?”

“ती नाही म्हणाली, एवढं पुरे आहे. नंतर गप्प बसली हे कशाला? लोक तेवढंच उचलतील. अगं, मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं नीट केली. कधी कधी एक ओळ काढणं हीच माणुसकी असते.”

“याआधी मी अकरा मिनिटं काढली,” बाई म्हणाल्या. “आता एक ओळसुद्धा काढवत नाही मला.”

नवऱ्याने उठून स्वतःच चहा टाकला.

पानं तयार झाली, पण त्यांचं करायचं काय? नियम असा होता की नोंदीबाहेरचं काही नोंदीत घ्यायचं तर अध्यक्षांची सही हवी. म्हणजे थोरल्यांकडेच जायचं. बाई आठवडाभर ती पानं पिशवीतून नेत आणि परत आणत राहिल्या. रोज ठरवायच्या, रोज पाय मागे यायचा.

मग एक गोष्ट झाली. दर अर्ध्या तासाने बाईंच्या जागी दुसरा प्रतिवेदक येऊन बसत असे. त्याने टाइप केलेली पानं जुळवताना बाईंच्या नजरेला एक ओळ पडली :

अध्यक्ष : कोण बोललं ते?

त्याच्या पुढे कुणाचंच उत्तर नव्हतं. पुढची बाब सुरू. बाईंनी आधीच्या बैठकांची पानं काढली. दोन आठवड्यांपूर्वी, पुन्हा : ‘कोण बोललं?’ महिन्यापूर्वी : ‘दाराशी कोण आहे? बसा ना, उभे का?’ तिन्ही वेळा मत घेतल्याबरोबर. त्या प्रतिवेदकाने ऐकलं तसं लिहून टाकलं होतं. म्हाताऱ्या माणसाचं होतं असं, असं त्याला वाटलं असेल.

बाई त्याच दुपारी थोरल्यांच्या दालनात गेल्या. ते खिडकीपाशी बसून मोसंबं सोलत होते. साल एका लांब पट्टीत निघत होती. बाईंनी बारा पानं समोर ठेवली.

थोरल्यांनी हात पुसले आणि वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर म्हणाले, “दार लावून घ्या.” बाईंनी लावलं. पुढे ते कितीतरी वेळ वाचत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत बाई उभ्या होत्या. राग असता तर बरं झालं असतं.

“तुम्ही पेन खाली ठेवलं होतं.”

“हो, साहेब.”

“मग हे कसं लिहिलंत?”

“ऐकू येतं मला. अजून. प्रत्येक मताला ती नाही म्हणते. तुम्हालाही येतं. कार्यवाहीत आहे, तीनदा.”

थोरल्यांनी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत बाईंनी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

“ती?” ते म्हणाले. “ती बाई? नाही हो. मला तिचा नाही ऐकू येत.”

“मग कुणाचा?”

“माझाच.” त्यांनी मोसंब्याची फोड उचलली आणि परत ठेवली. “बत्तीस वर्षांचा होतो मी. त्याच खुर्चीवर बसायचो. आमच्याकडे एक ओढा आहे, शाळा पलीकडे. मी साकव मागितला होता, माणसांपुरता. पहिलं वर्ष होतं माझं. तेव्हाच्या अध्यक्षांना कुणाला तरी विश्रामगृह द्यायचं होतं. माझं काम काढलं. मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. मग गप्प बसलो.”

“आणि ओढा?”

“त्या साली आमचे मास्तर गेले त्यात. मलाच शिकवलेले. दोन लहान पोरांना खांद्यावर घेऊन पलीकडे सोडून परत येत होते.” त्यांनी सालीची पट्टी बाजूला सारली. “तेव्हाच ठरवलं की आपण या टोकाशी राहायचं नाही, त्या टोकाला पोचायचं. तिथे पोचलो की असं कुणाचं होऊ द्यायचं नाही. पोचायला चौतीस वर्षं लागली, बाई. दर वेळी निवडून यायचं तर गावाला काहीतरी न्यायला हवं. न्यायचं तर कुणाला तरी मत द्यायला हवं. मत द्यायचं तर कुणाचं तरी काम काढायला हवं. एकेक खुर्ची पुढे सरकताना हे सगळं सवयीचं होतं. चौतीस वर्षांत तो ओढा मी चार ठिकाणी बांधला. चार पूल आहेत त्याच्यावर आता. एकावरून तर कुणी जातही नाही.”

बाहेर कुणीतरी दारावर टकटक केली. थोरले ओरडले, “आत्ता नको!” आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले.

त्यांनी पेन मागितलं. शेवटच्या पानावर एक खूण केली. “इथे मी ‘पुढच्या वर्षी’ दोनदा म्हटलं होतं. तुम्ही एकदाच लिहिलंय.”

बाईंनी आठवून बघितलं. खरंच दोनदा म्हटलं होतं.

मग त्यांनी प्रत्येक पानावर सही केली, बारा सह्या, आणि वर लिहिलं : कार्यवाहीत समाविष्ट करावे. अक्षर नेहमीसारखंच नेटकं आलं.

पुढे जे झालं त्यात कुणी जिंकलं असं म्हणता येणार नाही. पानं परिशिष्ट म्हणून छापली गेली. सातवेळाने सभागृहात तासभर आरडाओरडा केला की एका कर्मचाऱ्याने सदस्यांची खाजगी बोलणी चोरून टिपली. बाईंवर चौकशी बसली आणि निवृत्तीला चार महिने उरले असताना त्या निलंबित झाल्या. टेबलाचा खण रिकामा करताना शिपाई पिशवी धरून उभा होता. त्याने एकदाही डोळे वर उचलले नाहीत, आणि जिन्यापर्यंत पिशवी स्वतः घेऊन आला. थोरल्यांनी अध्यक्षपद सोडलं. मग अध्यक्ष कोण, तर जो सगळ्यांत जुना तो. सातवेळा टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसला. तलाव झाला. भिंतही मंजूर झाली, एकमताने, जिथे आता कुणी राहत नव्हतं तिथे.

ज्या वर्तमानपत्राने ‘संमती’ मोठ्या टाइपात छापली होती, त्याने आतल्या पानावर चार ओळींत खुलासा दिला. नवऱ्याने त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि पेपर घडी करून ठेवून दिला.

सिस्टरचा पत्ता बाईंना तिच्या जुन्या दवाखान्यातून मिळाला. दिवसभराचा प्रवास होता. लहान गाव, दोन वॉर्डांचं सरकारी रुग्णालय. सिस्टर पुरुषांच्या वॉर्डात होती, पांढऱ्या कपड्यांत. बाईंना बघून ती हसली नाही आणि रागावलीही नाही. हात धुऊन आली.

“मी होते तिथे,” बाई म्हणाल्या. “तुम्ही नाही म्हटलं होतं. दोनदा. मला त्याच दिवशी सांगायला हवं होतं.”

त्यांनी छापील परिशिष्ट पुढे केलं. सिस्टरने ते खिडकीशी उभं राहून वाचलं. वाचून झाल्यावर परत शेवटच्या पानाकडे गेली.

“एवढंच?” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“मला वाटायचं मी खूप बोलले. भांडले. कधी वाटायचं ओरडले, कधी वाटायचं काहीच बोलले नाही. अकरा मिनिटांत चारदा तोंड उघडलंय मी.” तिने ओळीवर बोट ठेवलं. “आणि हे. ‘उत्तर नाही.’ हे तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“ते हसले ना, तेव्हा मला लाज वाटली. बस. एवढ्यावर मी बसले. भीती नाही, लालूच नाही. लाज.” ती खिडकीबाहेर बघत राहिली. अंगणात चादरी वाळत होत्या आणि वाऱ्याने एकमेकींवर आपटत होत्या. “तुम्ही ही ओळ काढली असतीत तर मी सुखाने झोपले असते.”

“माझे मिस्टर पण तेच म्हणाले.”

“मिस्टर शहाणे आहेत.” तिने परिशिष्टाची घडी घातली आणि खिशात ठेवली. परत दिली नाही. “राहू दे. खोटं शांत वाटण्यापेक्षा हे बरं. बरं असेल. बघू.”

बाईंना विचारायचं होतं, तुम्हालाही काही ऐकू येतं का? पण त्या विचारू शकल्या नाहीत. त्या खोलीत आता त्या जात नव्हत्या. आवाज तिथे अजून येत असेल तर तो ऐकायला कुणी होतं की नाही, ते त्यांना कधीच कळणार नव्हतं.

“सिस्टर,” कोपऱ्यातल्या खाटेवरून हाक आली. एक म्हातारा होता, एक पाय गुडघ्यापर्यंत पट्ट्यांत. “आमचं राहिलं ना.”

“आले, काका.” मग हळू आवाजात बाईंना, “वस्तीतले आहेत. ढिगाऱ्यातून दुसऱ्या दिवशी काढलं. सून आणि दोन नातवंडं गेली. इथेच हलवून घेतलंय मी त्यांना.”

बाई दाराकडे वळल्या. सिस्टरने ट्रे उचलला आणि म्हणाली, “घाईत आहात का? आज मदतीला कुणी नाहीये. पाय धरून ठेवायला लागतो, पट्टी सोडवताना.”

बाईंनी पिशवी खाली ठेवली. म्हाताऱ्याची टाच दोन्ही तळहातांत घेतली. पाय वाटला होता त्यापेक्षा हलका होता आणि थंड होता.

“ह्या कोण?” म्हाताऱ्याने विचारलं.

“माझ्या ओळखीच्या.”

“जरा वर,” सिस्टर म्हणाली. बाईंनी पाय वर उचलला. म्हाताऱ्याने दात आवळले, आणि दुखणं विसरायला म्हणून असेल, बोलायला लागला. सकाळची वेळ होती, ऊन कसं पडलं होतं, सून दोरीवर कपडे टाकत काय म्हणाली, धाकटा नातू कशासाठी रडत होता. बाई पाय धरून ऐकत राहिल्या.